नावाजलेल्या गोल्फ कोर्सवर पैसे नेमके कशाचे जातात?

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचवर एक राऊंड खेळायची ग्रीन फी आता सातशे डॉलरच्या घरात गेली आहे. रुपयांत साठ हजार, आणि त्यात कॅडी नाही, बग्गी नाही, जेवण नाही. त्यामुळे गोल्फ खेळणारे चारजण जमले की ‘पेबल बीचला उगाच डोक्यावर बसवलंय’ हे वाक्य हमखास येतं, आणि त्याला तितक्याच तावातावाने उत्तरही मिळतं. टोरी पाइन्स, बेथपेज ब्लॅक आणि थेट सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स यांच्यावरही असाच वाद होतो. वाद घालणारे सगळेच बहुधा खरंच बोलत असतात. एकाला जमिनीवरचे होल्स आवडलेले नसतात, दुसऱ्याला बिल झोंबलेलं असतं आणि तिसऱ्याच्या वाट्याला वाईट दिवस आलेला असतो. पैसे भरण्याआधी हे वेगवेगळं करून पाहिलं, तर निम्मी निराशा टळते.

पुढचे आकडे अलीकडच्या हंगामांतले आणि ढोबळ आहेत. दर जवळपास दरवर्षी वाढतात, तेव्हा बुकिंगआधी कोर्सच्या संकेतस्थळावर ताजा दर बघावाच. हिशोबासाठी डॉलर ८५ ते ९० रुपये आणि पौंड ११५ रुपयांच्या आसपास धरला आहे.

पेबल बीच : अठरापैकी नऊ होल्स समुद्राचे

जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट यांनी आखलेला हा कोर्स १९१९ मध्ये सुरू झाला. यू. एस. ओपन इथे १९७२ पासून २०१९ पर्यंत सहा वेळा झाली. टॉम वॉटसनने १९८२ मध्ये सतराव्या होलवर ग्रीनबाहेरून चेंडू थेट भोकात घातला तो इथेच, आणि टायगर वुड्स २००० मध्ये पंधरा फटक्यांनी जिंकला तोही इथेच. दूरचित्रवाणीवर आपण पाहतो ते चौथ्या ते दहाव्या होलपर्यंतचे आणि शेवटचे दोन होल्स. उरलेले नऊ, म्हणजे पहिले तीन आणि अकरा ते सोळा, आतल्या बाजूला आहेत. ते वाईट नाहीत, पण दुसऱ्या एखाद्या कोर्सवर असते तर त्यांच्यासाठी कुणी विमानाचं तिकीट काढलं नसतं. ‘ओव्हररेटेड’ म्हणणाऱ्यांचा मुख्य आक्षेप हाच आहे आणि तो मला पटतो. मात्र सातव्याचा जेमतेम शंभर यार्डांचा उतारावरचा फटका आणि आठव्याचा कड्यावरून दरीपलीकडे मारायचा दुसरा फटका यांना जगात तोड सापडणं कठीण, हेही तितकंच खरं. आठव्यावरचा हा फटका जॅक निक्लॉससारख्याचा आवडता आहे.

आता बिल बघा. रिसॉर्टमध्ये खोली घेतली तरच टी टाइम बऱ्याच आधी पक्की करता येते. त्यासाठी सहसा किमान दोन रात्री राहावं लागतं आणि एका रात्रीला हजार डॉलरच्या वर जातात. म्हणजे खेळ धरून तीन हजार डॉलरच्या पलीकडे, अडीच लाख रुपये सहज. खोली न घेणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून उरलेली जागा मागावी लागते. चौघांना एकत्र जागा मिळणं अवघड, एकट्याला बऱ्यापैकी शक्य. अशा वेळी ग्रीन फीवर बग्गीचे पन्नासहून जास्त डॉलर, किंवा कॅडी घेतला तर फी आणि टिप मिळून दोनशेच्या आसपास. क्लब भाड्याने घेतले तर आणखी शंभराच्या वर. स्वतःचे क्लब नेऊन, मुक्काम दुसरीकडे करूनही एका दिवसाला हजार डॉलर धरून चालावं.

यात बग्गीचा खर्च मला सर्वांत वाया गेलेला वाटतो. बग्ग्या सहसा आखलेल्या वाटेवरच ठेवाव्या लागतात, त्यामुळे प्रत्येक फटक्याला फेअरवे ओलांडून जायचं आणि हवा तो क्लब मागे राहिला की परत यायचं. तसाही राऊंड पाच तासांच्या वर रेंगाळतो, कारण प्रत्येकजण सातव्यावर फोटो काढतो. त्याऐवजी कॅडी घ्यावा. इथली ग्रीन्स अतिशय लहान आहेत आणि त्यांवरच्या पोआ गवताला दुपारनंतर तुरे येऊन पट डगमगतो. समुद्राकडे नक्की किती उतार आहे, हे नवख्याला दिसत नाही. गवताच्या या त्रासामुळे सकाळची वेळ मिळाली तर तीच घ्यावी. महिन्याचंही तसंच. जून-जुलैच्या सुट्टीत गेलेल्यांना मॉन्टेरीच्या किनाऱ्यावर बरेचदा धुकंच भेटतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोच कोर्स, तेच पैसे आणि समोर निळा समुद्र.

सनीव्हेल-फ्रिमाँटकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी तर दीड-दोन तासांवर दुसरा रस्ता मोकळा आहे. पेबल बीचच्या शेजारच्याच गावचा पॅसिफिक ग्रोव्ह गोल्फ लिंक्स हा पालिकेचा कोर्स. त्याचे मागचे नऊ होल्स १९६० मध्ये त्याच जॅक नेव्हिलने वाळूच्या टेकड्यांत, १८५५ पासून चालू असलेल्या पॉइंट पिनोसच्या दीपगृहाभोवती आखले. पुढचे नऊ घरांच्या आणि झाडांच्या मधून जातात आणि सुरुवातच लागोपाठ दोन पार थ्रीने होते, त्यामुळे पहिल्या तासात फसल्यासारखं वाटेल. थोडा धीर धरा. फी साधारण शंभर डॉलरच्या आसपास, संध्याकाळच्या दरात त्याहून कमी. पेबल बीच नुसता बघायचा असेल, तर सेव्हन्टीन माइल ड्राइव्हवर गाडीमागे दहा-बारा डॉलर भरून लॉजपर्यंत जाता येतं आणि अठराव्या ग्रीनमागे उभं राहता येतं. ज्याचा हँडिकॅप पंचवीसच्या वर आहे आणि ज्याला हजार डॉलर जड जाणार आहेत, त्याने असंच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

टोरी पाइन्स आणि बेथपेज : तुम्ही कुठे राहता, त्यावर सगळं

सॅन डिएगोचा टोरी पाइन्स हा शहराच्या मालकीचा कोर्स. साउथ कोर्सवर २००८ आणि २०२१ ची यू. एस. ओपन झाली. स्थानिक रहिवाशाला तो शंभर डॉलरच्या आत पडतो, बाहेरच्याला दोनशे-तीनशे डॉलर आणि वर आगाऊ बुकिंगचा आकार. खाली पॅसिफिक, बाजूला उंच कडे, पण तिसरा-चौथा होल सोडला तर आखणी त्या कड्यांचा आणि घळींचा फारसा उपयोगच करत नाही. लांबलचक, सरळ, दोन्ही बाजूंना बंकर असलेले होल्स एकामागून एक येतात. शहरात राहणाऱ्याला ही चैन स्वस्त आहे. पाहुण्याने नॉर्थ कोर्स खेळावा. टॉम वायस्कॉफने तो २०१६ मध्ये नव्याने आखला, फी कमी आहे आणि समुद्र तोच.

लाँग आयलंडवरचा बेथपेज ब्लॅक १९३६ चा, न्यूयॉर्क राज्याच्या उद्यानातला. पहिल्या टीजवळ फलक आहे : हा अत्यंत अवघड कोर्स असून फक्त निष्णात खेळाडूंनीच खेळावा. लोक त्या फलकाचा फोटो काढतात आणि पुढे जाऊन नऊ चेंडू हरवतात. इथे बग्गी नाही, सगळं चालत. राज्यातल्या रहिवाशाला शंभर डॉलरच्या आत, बाहेरच्याला निदान दुप्पट. म्हणजे एडिसन-जर्सी सिटीकडून हडसन ओलांडून येणाऱ्या आपल्या माणसाला बरेच जास्त पैसे भरावे लागतात आणि आगाऊ बुकिंगमध्येही तो रहिवाशाच्या मागे राहतो. बुकिंग न मिळालेले लोक वाहनतळावरच्या क्रमांक घातलेल्या जागांवर रात्रभर गाडीत झोपून पहाटेच्या वेळा घेतात.

बेथपेजवरचा आक्षेप वेगळा आहे : नुसता अवघड, पण विचार करायला लावत नाही. ग्रीन्स बरीचशी सपाट, आव्हान फक्त लांबीचं आणि रफचं. यामागे जुनी समजूत आहे. ‘गोल्फ डायजेस्ट’ने १९६६ मध्ये अमेरिकेतल्या कोर्सेसची यादी पहिल्यांदा काढली, तीच मुळी सर्वांत कठीण दोनशे कोर्सेसची होती. उत्तमांची यादी नंतर आली. अवघड म्हणजे श्रेष्ठ हा हिशोब तेव्हापासून मुरला आहे. ज्याला नव्वदच्या आत खेळणं जमत नाही, त्याच्यासाठी मात्र अवघडपणा म्हणजे रफमध्ये चेंडू शोधण्यात गेलेले साडेपाच तास. त्याने तिथल्याच रेड कोर्सचे पैसे भरावेत. आनंद जास्त मिळेल, खर्च कमी होईल. आणि तरीही किमतीच्या बाबतीत ब्लॅक मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. सार्वजनिक पैशांतून बांधलेला कोर्स सामान्य माणसाला परवडेल असा ठेवणं आणि त्याच गवतावर २०२५ चा रायडर कप भरवणं, हे करून दाखवणारे थोडे.

सेंट अँड्र्यूज : पहिल्यांदा आवडला नाही तर चुकलं काही नाही

स्कॉटलंडमधल्या ओल्ड कोर्सची उन्हाळ्यातली फी तीनशे पौंडांच्या वर आहे, पस्तीस-चाळीस हजार रुपये. कॅडी घेतलात तर टिप धरून आणखी शंभर पौंड. वैद्यकीय कारणाशिवाय बग्गी मिळत नाही. आणि एवढं करून पहिल्या नजरेला काय दिसतं? एक सपाट, रंग उडालेलं माळरान. सॅम स्नीड १९४६ मध्ये आगगाडीतून ते पाहून हा सोडून दिलेला जुना कोर्स असावा असं समजला होता. मग त्याच मैदानावर ब्रिटिश ओपन जिंकून घरी गेला. बॉबी जोन्सने १९२१ मध्ये अकराव्या होलच्या बंकरमध्ये अडकून वैतागून राऊंडच सोडून दिला. सहा वर्षांनी तिथेच ओपन जिंकली, आणि १९५८ मध्ये गावाने त्याला मानद नागरिकत्व दिलं तेव्हा तो या मैदानाच्या प्रेमात पुरता बुडालेला होता.

असं का होतं, याचं कारण जमिनीत आहे. जाण्या-येण्याचे फेअरवे एकमेकांत मिसळलेले, सात ग्रीन्स दोन-दोन होल्सना सामाईक. शंभरावर बंकर, त्यांतले कित्येक टीवरून दिसतच नाहीत, कारण पूर्वी कोर्स उलट दिशेनेही खेळला जात असे. रुंद जागा बघून मोकळेपणाने मारलेला चेंडू न दिसणाऱ्या खड्ड्यात जाऊन बसतो आणि माणूस नशिबाला दोष देतो. पिनकडे पोचायला कुठली बाजू बरी, हे कळायला निदान दोन राऊंड लागतात. म्हणून कॅडीवर पैसे वाचवू नयेत. इथे तो उतार सांगत नाही, अख्खा कोर्स वाचून दाखवतो. एकदाच खेळून ‘काही खास नाही’ म्हणणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पण दुसऱ्या राऊंडची सोय नसेल, तर आदल्या दिवशी कोर्सवरून चालत तरी जावं. रविवारी ओल्ड कोर्स बहुधा खेळासाठी बंद असतो आणि गावकऱ्यांसाठी उद्यान म्हणून खुला असतो. अठरावा होल, स्विलकन पूल, सतराव्याच्या ग्रीनमागचा तो रस्ता, हेल बंकर, सगळं फुकट, पायी, निवांत बघता येतं.

टी टाइम मिळवायचा खरा मार्ग म्हणजे सोडत. खेळायच्या दिवसाआधी दोन दिवस, दुपारी दोनच्या आत दोन ते चारजणांनी नावं द्यायची, त्याला पैसे पडत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत निकाल लागतो. एकट्यासाठी आदल्या दिवशी वेगळी सोडत असते. उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी नंबर लागेल असं समजू नये. चार-पाच दिवस गावात राहून रोज नाव द्यावं आणि मधल्या दिवसांत दुसरे कोर्स खेळावेत. सहल कंपन्या हमखास वेळेसह जी पॅकेजं विकतात, त्यांत ग्रीन फीच्या कित्येक पट रक्कम लावलेली असते. सोडतीसाठी चार दिवस मोकळे ठेवता येत असतील, तर ते पैसे खर्च करायची गरज नाही. उन्हाळ्यात विद्यापीठाच्या वसतिगृहांच्या खोल्या भाड्याने मिळतात, आणि जवळच्या डंडीत राहिलं तर हॉटेलही स्वस्त पडतं.

हिवाळ्यात फी बरीच उतरते. पण त्या महिन्यांत फेअरवेवरचा फटका मॅट ठेवून मारावा लागतो, हे पैसे भरण्याआधी लक्षात घ्यावं. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स स्पर्धा असते, आणि २०२७ च्या जुलैत ओपन इथेच आहे. त्याच्या मागचेपुढचे आठवडे टाळावेत.

ओल्ड कोर्सला लागूनच न्यू कोर्स आहे. नाव ‘न्यू’, पण आहे १८९५ चा, ओल्ड टॉम मॉरिसने आखलेला. फी ओल्डच्या निम्म्याहून कमी, वेळ आगाऊ मिळते, आणि खेळ म्हणून तो कित्येकांना जास्त भावतो. गावाबाहेरच्या २००८ च्या कॅसल कोर्सबद्दल मात्र सावध करावंसं वाटतं. समीक्षक आणि आखणीकार टॉम डोक याने त्याला आपल्या पुस्तकात चक्क शून्य गुण दिले होते, आणि आखणारा डेव्हिड मॅकले किड तोच, ज्याचा ओरेगनमधला बँडन ड्यून्स सगळे वाखाणतात. दृश्य सुंदर, फेअरवेचे उंचवटे दमवणारे. सोबत न खेळणारं कुटुंब असेल, तर लेडीज पटिंग क्लबचं ‘हिमालयाज’ हे १८६७ पासूनचं पटिंगचं मैदान सोडू नये. काही पौंडांत आजी, नातवंडं सगळी खेळतात.

बुकिंगच्या वेळी विचारायच्या गोष्टी

वाईट दिवसामुळे होणारी निराशा मात्र बरीचशी टाळता येते. मुळांना हवा मिळावी म्हणून ग्रीन्सवर वर्षातून एक-दोनदा भोकं पाडून वाळू भरतात. त्यानंतरचे दोन आठवडे पटिंग म्हणजे नुसती उसळी. बहुतेक ठिकाणी तेव्हाही फी पूर्ण घेतात. म्हणून ‘एअरेशन कधी आहे?’ हा पहिला प्रश्न. दुसरा, बग्गी फेअरवेवर नेता येईल का. तिसरा, पावसाने राऊंड अर्धवट राहिला तर पैसे परत मिळतात की दुसरी वेळ देतात. रहिवाशाचा, संध्याकाळचा किंवा पुन्हा खेळण्याचा सवलतीचा दर असेल तर तोही विचारावा, कारण न विचारता तो सहसा सांगितला जात नाही. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांनी आपल्या क्लबकडून हँडिकॅपचा ताजा दाखला घ्यावा. ओल्ड कोर्सवर तो मागतात, आणि टी टाइम हातात असताना दाखल्यासाठी भारतात फोन लावला, तर तेव्हा तिथे रात्र झालेली असू शकते.