आधी कागद, मग धीर

चि. मनूस,


पॅलिएटिव्ह केअरच्या पथकात समाजसेविका म्हणून रुजू होते आहेस, हे वाचून बरे वाटले. ‘बरा न होणाऱ्या माणसासाठी डॉक्टर-नर्स असताना आमचे काम काय?’ असे विचारतेस. या शाखेचा पाया घालणाऱ्या डेम सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. दुखणे अंगाचे तसे मनाचे आणि घरसंसाराचेही असते, हे ओळखून त्यांनी १९६७ साली लंडनला हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांचे शुश्रूषाघर, उघडले. आपल्याकडचे पहिले हॉस्पिस, वांद्र्याचे शांती आवेदना सदन, १९८६चे.

डोंबिवलीच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कॅन्सरच्या रुग्णाला परळचे टाटा रुग्णालय गाठायचे, तर घरातल्या एकाचा तरी रोज बुडतो. हे घरसंसाराचे दुखणे. इथे समाजसेवक आधी कागद हाती घेतो. उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वे रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत देते. लोकलच्या दिव्यांग डब्यातही रुग्णाला बसता येते. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत राखलेल्या असतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात जातो. किती घरांना यातले काहीच ठाऊक नसते! ठाऊक असले, तरी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेपा घालायला माणूस नसतो.

कागद झाले की माणसे बोलू लागतात.

‘त्यांना काही सांगू नका हं,’ असे घरचे दारातच बजावतात. जाणता समाजसेवक खोटे बोलत नाही आणि सत्य अंगावर फेकतही नाही. ‘तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलंय? अजून काही जाणून घ्यायचंय का?’ असे तो रुग्णालाच विचारतो. पुष्कळदा रुग्णाला सगळे कळलेले असते. बायकोला त्रास नको म्हणून तोही गप्प असतो. तिच्याशी मात्र वेगळे बोलायचे: रात्री झोप मिळते का, पाळी घ्यायला दीर-नणंद आहेत का, मुलांना किती माहीत आहे. मॉर्फिनची गोळी म्हणजे व्यसन, ही भीतीही याच बोलण्यात निघते. ती डॉक्टरांसमोर नीट दूर करून घ्यावी.

शेवट घरीच व्हावा अशी रुग्णाची इच्छा असेल, तर मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देतील, हे आधी ठरवून ठेवावे लागते. नाहीतर अपरात्री घरच्यांची धावाधाव होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. बँकेतले नॉमिनीचे नावही रुग्ण शुद्धीवर असतानाच तपासून घ्यावे.

तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, तेव्हा त्या घरी एकदा जाऊन ये. विधवेच्या अनुदानाचा अर्ज राहिला असेल, तर तो त्याच दिवशी भरून घे.

तुझा,
मामा