पिंग येतंय, पण रिपोर्ट जात नाही

भोसरी एमआयडीसीतल्या लहान-मध्यम कारखान्यांच्या नेटवर्कची कामं मी करतो. इथे विंडोज एक्सपी अजून जिवंत आहे. ऑफिसच्या टेबलांवर ती दिसणार नाही. पण क्वालिटी रूममध्ये, सीएमएम या मोजमापाच्या मशीनच्या ग्रॅनाइट टेबलाशेजारी ठेवलेल्या पीसीवर ती रोज सकाळी सुरू होते आणि दिवसभर काम चोख करते. मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी तिचा सपोर्ट बंद केला, हे बहुतेक मालकांना ठाऊक असतं. पण मशीनचं कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये बसतं, त्याचा ड्रायव्हर पुढच्या विंडोजसाठी निघालेलाच नसतो, आणि कंट्रोलरसकट सगळं बदलायचं म्हटलं की खर्च लाखांत जातो. मोजमाप मायक्रॉनपर्यंत बरोबर येत असताना मशीन भंगारात काढा, असं मी तरी कुणाला सांगत नाही. मात्र अशा मशीनचं नेटवर्क बिघडलं की लोक ज्या पद्धतीने बिघाड शोधतात, ती पाहून काळजी वाटते. हा लेख त्यासाठीच.

एका कारखान्यात ऑफिसचे पीसी बदलून विंडोज 10 आली आणि लगेच सीएमएमचे रिपोर्ट ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये पडेनासे झाले. क्वालिटीतल्या मॅडमचा फोन आला, "सर, पिंग येतंय, पण रिपोर्ट जात नाही. गाडी लोड होऊन उभी आहे." एक्सपीच्या स्क्रीनवर संदेश होता, तो अशा अर्थाचा : दिलेलं नेटवर्क नाव आता उपलब्ध नाही. हे वाचून कुणालाही वाटणार की लाइन तुटते आहे. त्यामुळे मी पोचेपर्यंत केबल बदलून झाली होती, स्विचही बदलून झाला होता. आता कुठलंसं फुकटचं 'नेटवर्क रिपेअर' टूल उतरवून घ्यायला त्या एक्सपीला मोबाइलचं इंटरनेट जोडायची तयारी चालली होती. ते मी आधी थांबवलं.

पिंग हे टूल माइक म्यूस यांनी 1983 च्या डिसेंबरमध्ये लिहिलं. समोरचं यंत्र हाकेला ओ देतं का आणि किती वेळात, एवढंच ते तपासतं. फाइल शेअरिंग चालू आहे का, दोघांची बोलण्याची पद्धत जुळते का, हे त्याच्या कक्षेतच नाही. शिवाय विंडोजचं साधं पिंग फक्त 32 बाइट पाठवतं. जुन्या नेटवर्क कार्डाचं आणि नव्या स्विचचं डुप्लेक्स जुळत नसेल, तर एवढंसं पाकीट आरामात जातं आणि मोठी फाइल मात्र रखडते. म्हणून मी -एल लावून 1472 बाइटांचं पिंग बराच वेळ चालू ठेवतो आणि किती उत्तरं गळतात ते पाहतो. सोबत नेटस्टॅटला -ई लावून एररचा आकडा फाइल पाठवण्याआधी आणि नंतर बघतो. दोन्ही आज्ञा एक्सपीत मुळातच आहेत, बाहेरून काहीही आणावं लागत नाही. इथे गळती शून्य होती आणि एररचा आकडा जागचा हलला नाही. म्हणजे तार निर्दोष.

मग मी स्विचवर पोर्ट मिररिंग लावलं आणि माझ्या लॅपटॉपवर वायरशार्क हे नेटवर्कची वाहतूक दाखवणारं टूल उघडलं. तिथे सगळं उघड झालं. एक्सपीने 445 पोर्टवर जोडणी मागितली, ती मिळाली. लगेच तिने आपली भाषा सांगितली : एसएमबी या फाइल शेअरिंगच्या पद्धतीची पहिली आवृत्ती, कारण तिला तेवढीच येते. त्यावर विंडोज 10 ने रीसेट पाठवून जोडणी तोडली. 2017 च्या शरद ऋतूतल्या 1709 आवृत्तीपासून विंडोज 10 नव्याने बसवली, तर ती जुनी पद्धत सहसा बंदच असते. म्हणजे बिघाड कुठेच नव्हता. नव्या पीसीने जाणूनबुजून दार लावून घेतलं होतं, आणि एक्सपीला ते समजावून सांगणारा संदेशच ठाऊक नव्हता.

खरा पेच इथून सुरू होतो. विंडोज 10 च्या फीचर्समध्ये एका चौकटीत टिक केली की जुनी पद्धत चालू होते, रिपोर्ट जातो, गाडी सुटते. मालक म्हणालेही, "साहेब, करून टाका ना, आपल्याकडे कोण येतंय हॅक करायला?" कोणी ठरवून यावं लागत नाही. 12 मे 2017 ला वॉनाक्राय व्हायरस पसरला तो याच एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या चुकीवरून, आणि तो आपोआप एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत होता. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस आलेल्या नॉटपेट्या व्हायरसने न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे : वॉनाक्रायने सर्वाधिक पछाडलेले पीसी एक्सपीचे नव्हते, विंडोज 7 चे होते. त्या दोषावरचा पॅच 14 मार्चलाच आला होता, लोकांनी तो बसवला नव्हता. एका जुन्या पीसीसाठी ऑफिसच्या सगळ्या पीसींची दारं सैल करणं म्हणजे तोच धोका पैसे मोजून घेतलेल्या नव्या यंत्रांत परत आणणं. मी ती टिक केली नाही.

त्या दिवशी रिपोर्टची प्रिंट काढून गाडी सोडली. नंतर मधे एक लिनक्सची छोटी पेटी बसवली, दोन नेटवर्क कार्डांची. एक केबल थेट एक्सपीला, दुसरी ऑफिसच्या स्विचला, आणि या दोन्हींमधली वाहतूक पुढे पाठवणं बंद. एक्सपीतलं मूळचंच एफटीपी बॅच फाइलमधून रिपोर्ट त्या पेटीत टाकतं. ऑफिसवाले नव्या पद्धतीने तिथून उचलतात. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो हे खरं, पण तो एका हातभर केबलमधूनच जातो. एक्सपीला गेटवे दिला नाही, डीएनएसही नाही. जिथे पेटी जमत नाही तिथे निदान वेगळं व्हीलॅन करून एकच पोर्ट, एकाच पीसीकडे मोकळं ठेवावं. पेनड्राइव्हने ने-आण करणं मला पसंत नाही. कॉनफिकर व्हायरस तसाही पसरला होता.

टूल्सबद्दल माझा आग्रह एवढाच : जुन्या पीसीची तपासणी बाहेरून करा. त्याच्यावर काही बसवू नका. एक्सपीला अधिकृतपणे चालणारी वायरशार्कची शेवटची शाखा 1.10. तिच्यासाठी जुनी विनपीकॅप लागते, जिचं काम 2013 नंतर पुढे गेलं नाही. अशा आवृत्त्या शोधताना लोक भलत्याच ठिकाणाहून इन्स्टॉलर उचलतात आणि ज्या पीसीवर अँटीव्हायरसही धड चालत नाही, तिथे ॲडमिन म्हणून चालवतात. कॅप्चर करायचं ते मिरर पोर्टवरून, ताज्या लॅपटॉपवर. पोर्ट स्कॅन करणारं एनमॅपही बाहेरूनच, पण जपून. जुन्या कंट्रोलरवर पूर्ण वेगाने सगळे पोर्ट स्कॅन केले तर तो गोठू शकतो. जॉब टेबलावर असताना कधीच नको; मशीन रिकामं असताना, सावकाश वेगात, 139, 445, 3389 असे मोजके पोर्ट पाहावेत. 3389 उघडा दिसला आणि रिमोट डेस्कटॉप कुणी वापरत नसेल, तर तो त्याच दिवशी बंद करा. 2019 च्या मे महिन्यात त्यातल्या एका दोषापायी मायक्रोसॉफ्टला सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीही पॅच काढावा लागला होता.

नेटवर्क सुधारलं तरी डिस्क म्हातारीच असते. तिची पूर्ण इमेज काढून ठेवा, आणि ती दुसऱ्या डिस्कवर उतरवून मशीन खरंच सुरू होतं का, हे पाहून घ्या. इमेज कपाटात आहे पण कधी चालवून पाहिलेली नाही, हे मी फार ठिकाणी पाहतो.

विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणजे उद्या हाच प्रश्न तिच्यावर चालणाऱ्या मशीनचा आहे. नवीन सीएमएम किंवा लेझर मशीन घेताना विक्रेत्याकडून पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या : कंट्रोलर पीसीवर कोणती आवृत्ती आहे, पॅच कोण बसवणार, ड्रायव्हर पुढच्या विंडोजसाठी किती वर्षं मिळतील आणि त्याचे पैसे वेगळे लागतील का. ॲडव्हान्स देण्याआधी विचारलं तर उत्तर मिळतं.