बसमार्ग की मेट्रो? व्यापाऱ्याचा हिशोब

वाटेत गेलेला तास कारागिराच्या मजुरीतूनच वजा होतो. म्हणून बसचा राखीव मार्ग बरा की मेट्रो, हा हिशोब आपण व्यापाऱ्यांनीही समजून घेतला पाहिजे.

मेट्रोला भांडवल मोठे लागते आणि बांधायला अनेक वर्षे जातात. पण तिची वाट कोणी अडवत नाही आणि ती प्रचंड गर्दी वाहते. बसमार्ग थोडक्या भांडवलात, लवकर उभा राहतो. ब्राझीलच्या कुरितिबा शहराने १९७४ साली तो सुरू केला. कोलंबियातील बोगोटाने २००० साली पुऱ्या सोयींचा मार्ग सुरू केला : तिकीट चढण्याआधीच, फलाट बसच्या दाराइतका उंच आणि थांबलेल्या बसला मागे टाकण्यासाठी जादा रस्ता. यामुळे तेथील बस मेट्रोच्या तोडीची गर्दी नेऊ लागली.

आपल्याकडे पुण्यात २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्ग सुरू झाला; पण तो सलग नव्हता आणि त्यात इतर वाहने घुसत. दिल्लीने २००८ चा मार्ग २०१६ मध्ये उखडला. अहमदाबादने मात्र २००९ पासून रस्त्याच्या मध्यभागी थांबे आणि थांब्यावरच तिकीट ठेवले व मार्ग टिकवला.

म्हणजे आखूड कापलेल्या कापडाचा दोष शिंप्याच्या यंत्राला देऊ नये. जेथे गर्दी अफाट तेथे मेट्रो, बाकी ठिकाणी पुरता बसमार्ग. जनतेचा पैसा अमानत आहे. अर्ध्या कामात तो बुडतो. दुकानापुढची गाडी लावायची जागा जाईल म्हणून आपण विरोध करतो, पण त्याच बसने आपला कारागीर आणि आपले गिऱ्हाईकही येते.