डोळ्यातली पाईपलाईन

मधुमेह असलेल्या कुठल्याही काका-मावशींना विचारून बघा, "डोळे तपासले का?" बऱ्याच वेळा उत्तर येते, "हो, मागच्याच महिन्यात नंबर काढला. छान दिसतंय मला." चष्म्याचा नंबर काढणे आणि डोळ्याचा पडदा तपासणे या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात न आल्यामुळे उपचाराची वेळ निघून जाते. आपल्या होस्टेलमधल्या अनेकांच्या घरी कोणाला ना कोणाला साखर आहे, आणि स्टाफपैकीही काहींना असेल. म्हणून हा विषय घेतला.

मी सिव्हिलची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नव्हे. पण हा सगळा मामला नळ, गळती आणि पाणीपुरवठ्याचाच असल्यामुळे आपल्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करते.

पडदा आणि त्याचा पुरवठा

डोळा म्हणजे कॅमेरा असं धरलं, तर त्यातली फिल्म म्हणजे रेटिना. यालाच आपण मराठीत पडदा म्हणतो. डोळ्याच्या आत मागच्या भिंतीवर तो पसरलेला असतो आणि त्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर असते. एवढासा असला तरी वजनाच्या मानाने शरीरात सर्वांत जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या भागांमध्ये त्याचा नंबर लागतो.

पडद्याच्या आतल्या थरांना एका मुख्य धमनीच्या फांद्यांमधून रक्त मिळते. फांद्यांच्या पुढे केशवाहिन्या होतात. त्या इतक्या अरुंद असतात की रक्तातल्या तांबड्या पेशींना रांग लावून एकामागून एक जावे लागते.

वॉटर सप्लायमध्ये आपण दोन पद्धती शिकतो, डेड एंड आणि रिंग. रिंगमध्ये एक पाईप बंद पडला तर पाणी दुसऱ्या बाजूने फिरून येते. डेड एंडमध्ये मात्र पुढच्या सगळ्या घरांचे नळ कोरडे पडतात. पडद्याची धमनी ही डेड एंड प्रकारची आहे. तिथे पर्यायी लाईन नाही, हे पुढे लक्षात ठेवा.

गळती कुठे सुरू होते?

या केशवाहिन्यांना आतून पेशींचे अस्तर असते. त्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की नको ते पदार्थ बाहेर पाझरत नाहीत. बाहेरून त्यांना पेरिसाईट नावाच्या पेशी मिठी मारून बसलेल्या असतात. आतल्या दाबाने पाईप फुगू नये म्हणून आधार देणे हे त्यांचे एक काम. पडद्यात त्यांची संख्या खास जास्त असते, जवळजवळ एका अस्तरपेशीमागे एक.

आता साखर इथे नेमके काय करते? स्नायूंच्या पेशींना रक्तातली साखर मोठ्या प्रमाणात आत घ्यायला इन्सुलिनचा इशारा लागतो. केशवाहिन्यांच्या पेशींना तो लागत नाही. रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही वाढते, त्यांना दार बंदच करता येत नाही. मग त्या जादा साखरेपासून आत नको ती रसायने तयार होतात, प्रथिनांना साखर चिकटून बसते आणि भिंतीखालचा थर जाड होतो. पहिल्या बळी पडणाऱ्यांत पेरिसाईट असतात. १९६०-६१ च्या सुमारास बोस्टनमध्ये कोगन आणि कुवाबारा यांनी मृत्यूनंतर मिळालेले पडदे ट्रिप्सिनने पचवून फक्त रक्तवाहिन्यांचे जाळे शिल्लक ठेवले. मधुमेहींच्या जाळ्यातून पेरिसाईट गायब झालेल्या त्यांना दिसल्या.

सायकलचे टायर जिथे फाटलेले असते तिथे ट्यूबला फुगा येतो ना? तसेच इथे होते. आधार गेलेल्या जागी केशवाहिनीला बारीक फुगे येतात. डॉक्टरांना ते लाल ठिपक्यांसारखे दिसतात आणि रोगाची ही पहिली दिसणारी खूण असते. पुढे भिंत पाझरू लागते. ओल आलेली भिंत वाळली की तिच्यावर पांढरे क्षार उरतात. तसेच पाझरलेल्या रक्तद्रवातले पाणी शोषले जाते आणि त्यातल्या चरबीचे पिवळे कण पडद्यात साचून राहतात. हे पाझरणे पडद्याच्या मध्यावर, म्हणजे मॅक्युलावर झाले, तर तिथे सूज येते आणि वाचायला त्रास होतो, सरळ ओळी वाकड्या दिसतात.

अनधिकृत नळजोडणी

गळती ही अर्धीच गोष्ट झाली. काही केशवाहिन्या गळतात, तर काही पूर्ण बंद पडतात. डेड एंड असल्यामुळे पुढचा भाग ऑक्सिजनविना तडफडतो आणि मदतीची हाक म्हणून व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतो. त्याचा अर्थ, "इकडे नवीन लाईन टाका!"

नवीन लाईन खरंच टाकली जाते, पण ती अनधिकृत नळजोडणीसारखी. जागा चुकीची आणि माल कच्चा. या नव्या वाहिन्या पडद्याच्या आत न राहता वर, डोळ्यातल्या जेलीसारख्या पदार्थाच्या पृष्ठभागावर पसरतात आणि सहज फुटतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त सांडते आणि माणसाला अचानक काळे ठिपके, जाळी किंवा सगळाच अंधार दिसतो. त्यांच्याबरोबर वाढणारे तंतू आकसले तर पडदा भिंतीवरून ओढून सुटा करतात. पोटेंशियल गेलेल्या भागाला वाचवायला निघालेली यंत्रणाच शेवटी नजर घालवते.

मग व्यवस्थित दिसतं कसं?

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरे वाचताना आपण पडद्याचा फक्त मध्याचा इवलासा भाग वापरतो. तक्ता त्या भागाचीच परीक्षा घेतो. बाकी पडद्यावर फुगे आले, वाहिन्या बंद पडल्या, अगदी अनधिकृत जोडण्याही झाल्या, तरी मध्य शाबूत असेल तर शेवटची ओळ फटाफट वाचता येते. शिवाय पडद्याला दुखत नाही. त्यामुळे ना दुखणे, ना अंधुक दिसणे. म्हणजे अलार्म वाजतच नाही.

माझ्या बाबांना नऊ वर्षे साखर आहे. चष्मा लावून ते पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचतात. गेल्या वर्षी पहिल्यांदा पडद्याची तपासणी झाली, तेव्हा दोन्ही डोळ्यांत मधली पायरी निघाली. मध्याला सूज नव्हती आणि नव्या वाहिन्याही नव्हत्या, म्हणजे वेळ हातात होती. रिपोर्ट वाचून बाबा म्हणाले, "पण मला तर काहीच होत नाहीये." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि रिपोर्टसुद्धा.

लेसर म्हणजे भारनियमन

९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेला एक विद्यार्थी जर्मन डॉक्टर मायर-श्विकेराट यांनी तपासला. त्यावरून त्यांना सुचले की हाच प्रकाश मोजून-मापून उपचारासाठी वापरता येईल. पुढे १९६० मध्ये लेसर आला आणि हे काम सोपे झाले.

यातले लॉजिक मला फार आवडले. लेसरने पडद्याच्या कडेच्या भागावर शेकडो बारीक डाग देतात. तिथल्या ऑक्सिजन खाणाऱ्या पेशी मरतात, मागणी कमी होते, व्हीईजीएफची हाक थांबते आणि नव्या वाहिन्या सुकतात. महत्त्वाच्या ठिकाणची वीज टिकावी म्हणून बाकीकडे भारनियमन करावे, तसेच हे. किंमत मोजावी लागते. बाजूचे आणि रात्रीचे दिसणे थोडे कमी होऊ शकते. पण १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले की यामुळे गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्यावर येतो. मध्याच्या सुजेसाठी आता व्हीईजीएफला अडवणारी इंजेक्शने डोळ्यात देतात. रक्त साचून राहिले किंवा पडदा ओढला गेला तर ऑपरेशन करतात. मात्र उशीर झाला की गेलेली नजर परत आणणे अवघड होते, उरलेली वाचवण्यावरच भर द्यावा लागतो.

आधीच रोखता येतं का?

बऱ्याच प्रमाणात, हो. १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या टाईप वन मधुमेहाच्या १४४१ जणांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात, आधी पडदा चांगला असलेल्यांना हा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. १९९८ मध्ये ब्रिटनच्या अभ्यासाने टाईप टूमध्येही साखर नियंत्रणाचा फायदा दाखवला, आणि रक्तदाब नीट ठेवल्याने पडद्याचा आजार पुढे सरकणे सुमारे एक तृतीयांशाने घटते हेही दाखवले. दाब कमी तर गळती कमी, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. एवढ्या डोळ्यांना पडद्याचे डॉक्टर पुरणार कुठून? इथे कॉम्प्युटरवाल्यांना काम आहे. २०१६ मध्ये गूगलच्या टीमने भारतीय नेत्र रुग्णालयांच्या साथीने, १,२८,१७५ फोटोंवर शिकवलेला प्रोग्रॅम पडद्याच्या फोटोवरून हा आजार ओळखतो हे दाखवून दिले.

तपासणी कधी करायची?

टाईप टू मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर, कारण कळण्याआधी साखर किती वर्षे वाढलेली होती हे सांगता येत नाही. टाईप वन असेल तर निदानानंतर पाच वर्षांच्या आत. त्यानंतर दरवर्षी, आणि दोष निघाला तर डॉक्टर सांगतील तसे लवकर. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच. अचानक काळे ठिपके, जाळी किंवा डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे वाटले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

तपासणी सोपी आहे. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि भिंगातून पडदा पाहतात किंवा फोटो काढतात. दुखत नाही. फक्त पुढचे काही तास जवळचे धूसर दिसते आणि उन्हाचा त्रास होतो.

सुट्टीत घरी जाल तेव्हा आई-बाबांची रिपोर्टची फाईल एकदा चाळा. साखरेचे कागद ढीगभर सापडतील. पडदा तपासल्याचा कागद त्यात नसेल, तर अपॉइंटमेंट तुम्हीच घ्या आणि सोबतही जा. थेंब घातल्यावर येताना गाडी चालवायला कोणीतरी लागेलच.