मुलाचा कल आणि फडावरची शाळा

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाताना कागल तालुक्यातील बिद्री हे गाव लागते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे या गावाचे नाव दूरवर परिचित झाले आहे. दिवाळीच्या सुमारास गळिताचा हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात, खोपी उभ्या राहतात आणि आईबापांबरोबर मुलेही येतात. त्यांचे शालेय वर्ष मधोमध तुटलेले असते. अशा मुलाला कोणत्या वर्गात बसवावे, हा प्रश्न शिक्षकांपुढे लगेच उभा राहतो. त्याला काय आवडते आणि काय उत्तम जमते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले आणि शाळेचे दार सर्वांना उघडले. दाराच्या आत आलेल्या प्रत्येक मुलाची स्वतंत्र ओळख शाळेस कशी पटावी, हा त्यापुढील टप्पा होय. याच कोल्हापुरातील एक उदाहरण सर्वश्रुत आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयात शिकले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैशांची अडचण पडली, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. परंतु तिच्यात एक अस्वस्थ करणारी बाजूही आहे. गुण हेरणारा आणि त्यासाठी घर गहाण टाकणारा गुरू ज्यांना लाभला नाही, त्यांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत.

हे केवळ योगायोगावर सोडू नये, असा विचार याच जिल्ह्यातील एका शिक्षणतज्ज्ञाच्या सहभागाने देशापुढे आला. आजरा तालुक्यात जन्मलेले आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे संस्थापक जे. पी. नाईक हे कोठारी शिक्षण आयोगाचे (1964-66) सदस्य-सचिव होते. पहिली व दुसरी हे वर्ग एकच सलग घटक मानावेत, म्हणजे प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे जाईल, अशी या आयोगाची शिफारस होती. लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या अनुभवांना अभ्यासात मानाचे स्थान दिले. शहरातील ध्येयवादी शाळेस जे साधते ते दोनशिक्षकी शाळेस कसे साधावे, अशी शंका येथे रास्तच आहे.

तथापि फडावरच्या मुलाजवळ अनुभवांची वाण नसते. मोळी कशी बांधावी, वाढे कोणत्या भावाने विकले जातात, बैल का अडला, हे त्याला ठाऊक असते. धाकट्या भावंडाला सांभाळताना ते गोष्टी रचते. हिशेबात चलाख असलेल्या मुलास मोळ्यांच्या वजनावरून गुणाकार देता येतो. गोष्ट सांगणाऱ्या मुलीची गोष्ट तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहून तीच वाचावयास देता येते. यास निधी लागत नाही. लागते ती रोजची पाच-दहा मिनिटे आणि एक वही.

स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आहे. मूल कोठवर शिकले, हे त्यावरून पुढील शाळेस कळते. त्याच पत्रकासोबत शिक्षकाने मुलाचा कल सांगणाऱ्या चार ओळी जोडल्या, तर गावच्या गुरुजींना पुन्हा आरंभापासून शोध घ्यावा लागणार नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेही बालकाच्या अंगभूत क्षमता व गुणांचा विकास हे अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट ठरविले आहे. शाळा व्यवस्थापन समितीने हंगामाच्या प्रारंभी खोपींवर एकदा फेरी मारावी. तालमीचे वस्ताद, भजनी मंडळातील पखवाजवादक, कारखान्यातील फिटर यांना महिन्यातून एखादा तास शाळेत बोलवावे. ग्रामपंचायत सदस्यांच्या शब्दाला येथे वजन असते. मात्र पट्टा पडून टोळ्या परतीला लागण्यापूर्वी त्या चार ओळी लिहून व्हावयास हव्यात.