मोठी गाडी, घाटाचे वळण आणि विज्ञान

डिचोलीहून साखळी-केरीमार्गे चोर्ला घाट चढून बेळगावकडे जाताना, किंवा पेडण्यात मालप्याचा उतार उतरताना, उंच बांध्याच्या मोठ्या गाड्या आपण नेहमी पाहतो. ‘एसयूव्ही’ हे त्यांचे रूढ नाव. घरात नवी गाडी घ्यावयाची ठरली म्हणजे वडीलधाऱ्यांच्या तीन अपेक्षा असतात : गाडीने हिसके देऊ नयेत, वळणावर ती डळमळू नये आणि घाट तिने सहज चढावा. हे तिन्ही गुण एकाच गाडीत पूर्णत्वाने का सापडत नाहीत, याचे उत्तर आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे.

प्रथम आरामाचा विचार करू. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग शोषून घेते. स्प्रिंग जितकी मऊ, तितका प्रवास सुखाचा. परंतु तीच मऊ स्प्रिंग वळणावर अधिक दबते आणि गाडी बाहेरच्या बाजूस कलते. स्प्रिंग ताठ केली, तर कलणे कमी होते, पण हिसके वाढतात. गाडीच्या बांधणीचाही येथे संबंध येतो. १९९८ साली निघालेली टाटा सफारी शिडीच्या आकाराच्या पोलादी सांगाड्यावर उभी होती. असा सांगाडा ओझे आणि खडबडीत वाट उत्तम सोसतो, पण तो जड असतो. २०२१ साली त्याच नावाने आलेली गाडी मात्र एकसंध बांधणीची असून तिच्या पुढच्या चाकांना जोर मिळतो. सपाट डांबरी रस्त्यास ती अधिक सोयीची. सड्यावरील चिऱ्यांच्या खाणीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेस जुनी रचना अधिक योग्य.

आता स्थैर्य पाहू. समजा, दोन गाड्यांच्या डाव्या-उजव्या चाकांतील अंतर सारखेच, म्हणजे १५० सेंटिमीटर आहे. लहान गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आणि मोठीचा ७० सेंटिमीटरवर आहे. अंतराच्या निम्म्याला, म्हणजे ७५ ला, या उंचीने भागले असता अनुक्रमे सुमारे १.३६ आणि १.०७ येतात. हा आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटण्याची भीती अधिक. चवथीला गावी जाताना टपावर सामान रचले, की गुरुत्वमध्य आणखी वर सरकतो, हे ध्यानात असू द्यावे.

तिसरा प्रश्न इंजिनाचा. डिझेल इंजिनात हवा अतिशय दाबली जाऊन इतकी तापते, की इंधन ठिणगीवाचून पेटते. या अधिक दाबामुळे थोड्या इंधनात जास्त काम होते आणि कमी फेऱ्यांतही चाके फिरविण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, भरपूर मिळतो. पेट्रोल इंजिन शांत चालते आणि चपळ असते. टर्बो यंत्राच्या योगाने आज हे अंतर बरेच कमी झाले आहे. २०२२ साली आलेल्या स्कॉर्पिओ-एन गाडीच्या स्वयंचलित गिअरच्या प्रकारात पेट्रोल इंजिनाचा टॉर्क ३८० आणि डिझेल इंजिनाचा ४०० न्यूटन-मीटर आहे. अश्वशक्ती मात्र पेट्रोलची सुमारे २००, तर डिझेलची सुमारे १७५ आहे. ज्याला रोज लांबचा घाट करावयाचा आहे, त्याला डिझेल परवडते. ज्याची गाडी गावातच थोडी फिरते, त्याला पेट्रोल बरे.

परंतु कोणतीही गाडी घेतली, तरी एक नियम बदलत नाही. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना गाडीला आतल्या बाजूस वळविण्यासाठी तिच्या वजनाच्या सुमारे पाव पट बल लागते. वेग दुप्पट, म्हणजे ६० केला, की बल चौपट होते; म्हणजे जवळजवळ सगळ्या वजनाइतके. पावसात भिजलेल्या रस्त्यावर टायरांची पकड मात्र वजनाच्या निम्म्याच्या आसपासच असते. मग गाडी घसरणार, यात नवल ते काय! चारही चाकांना जोर असला, तर चिखलातून बाहेर निघता येते. पण त्यामुळे ब्रेक लवकर लागत नाहीत. उतारावर खालचा गिअर घालून इंजिनाकडूनच वेग रोखावा, म्हणजे ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका टळतो.

सारांश, गाडी निवडावी ती शेजाऱ्याकडे पाहून नव्हे, तर आपल्या नित्याच्या रस्त्याकडे पाहून. आणि आषाढातील धुक्यात चोर्ल्याच्या वळणावर वडिलांच्या शेजारी बसलेले असताना, “बाबा, जरा सावकाश” असे म्हणावयास संकोचू नये. ते भित्रेपण नव्हे. वर्गात शिकलेल्या विज्ञानाचा तो सदुपयोगच होय.