मातीत सापडलेले नाणे : ओळख, स्वच्छता व जतन



शेत नांगरताना, विहीर खणताना किंवा घराचा पाया खोदताना एखादा हिरवट, मातीने माखलेला धातूचा तुकडा वर येतो. तो जुने नाणे असावे अशी शंका येताच घरातून पहिली सूचना होते : चिंच लावून घासा, म्हणजे लख्ख होईल. प्रस्तुत लेखात आम्ही याच्या नेमके उलट सांगणार आहोत. जुने नाणे हे मळलेले भांडे नव्हे. तो एक लहानसा शिलालेख आहे, आणि घासल्याने मळाबरोबर त्यावरची अक्षरेही जातात.

जोगलटेंभीचा दाखला

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती व सर्व क्षत्रप राजा नहपानाची होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. शत्रूची नाणी न वितळवता त्यांवरच त्याने आपला शिक्का उठवला. म्हणून एकाच नाण्यावर वर तीन कमानींची टेकडी किंवा उज्जयिनी चिन्ह दिसते आणि खालून नहपानाचा चेहरा व जुनी अक्षरे डोकावतात.

आता नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांकडे वळू. तेथील तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आपल्या पुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केला, असे तो सांगतो. नहपान हा त्याच क्षहरात वंशाचा. लेण्यातील वचनाला जमिनीतील नाण्याने अशी साक्ष दिली. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याच्या दानाची नोंद आहे. त्याने विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी २००० कार्षापणांच्या व्याजातून भिक्खूंना चीवरांसाठी रक्कम मिळावी, अशी व्यवस्था होती. म्हणजे लेण्यांचा इतिहास आणि नाण्यांचा इतिहास हे एकच आहेत. जोगलटेंभीची नाणी कोणी चिंचेने घासून गुळगुळीत केली असती, तर खालचा पुसट छाप कायमचा गेला असता आणि त्याबरोबर ही साक्षही.

ओळख कशी करावी?

१) प्रथम वहीत नोंद करावी : गाव, शेत, खोली, तारीख आणि जवळ सापडलेल्या वस्तू, उदा. खापरे, विटा, मणी. स्थळ हरवले की नाण्याचा निम्मा इतिहास हरवतो.

२) धातू पाहावा. चांदीवर बहुधा काळसर थर असतो, तांब्यावर हिरवा. शिसे करडे, मऊ व आकाराच्या मानाने जड असते. सातवाहनांची शिशाची नाणी महाराष्ट्रात व आंध्रात सापडतात.

३) सोनाराच्या काट्यावर वजन करावे, व्यास मोजावा व दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. उजेड एका बाजूने तिरपा पडू द्यावा, म्हणजे झिजलेली अक्षरेही उठून दिसतात.

४) चिन्हे ताडून पाहावीत. वेडावाकडा चांदीचा तुकडा व त्यावर सूर्य, टेकडी अशी वेगवेगळी ठोकलेली चिन्हे असल्यास ते आहत नाणे असू शकते. हत्ती व उज्जयिनी चिन्ह सातवाहनांकडे बोट दाखवतात. तांब्याच्या नाण्यावर देवनागरीत ‘श्री राजा शिव’ व मागे ‘छत्रपति’ असेल तर ती शिवराई होय.

स्वच्छता : किती व कशी?

चिंच, लिंबू, व्हिनेगर, राख, वाळू, तारेची घासणी व भांडी घासायची पावडर ही सर्व वर्ज्य समजावीत. आम्लाने धातूच विरघळतो आणि घासण्याने उठाव झिजतो.

तांबे व चांदी यांसाठी बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. नळाच्या पाण्यात क्लोरिन व क्षार असतात. नाणे भांड्यात बुडवून ठेवावे, रोज पाणी बदलावे. माती मऊ झाली की अगदी मऊ ब्रशने किंवा बांबूच्या काडीने ती अलगद सोडवावी. नंतर सुती कापडाने टिपावे, पुसू नये. तांब्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा थर काढू नये, कारण अक्षरे पुष्कळदा त्या थरातच टिकलेली असतात. मात्र फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा सुटत असेल तर तो क्लोराइडमुळे लागलेला रोग आहे. असे नाणे वेगळे, कोरड्या डबीत ठेवून जाणकारास दाखवावे.

शिशाचे नाणे शुद्ध पाण्यातही भिजवू नये, त्यानेही शिसे झिजते. कोरड्या मऊ ब्रशने वरची माती झटकणे पुरे. शिसे विषारी असल्याने नंतर हात धुवावेत. लाकडी पेटीतील आम्लयुक्त वाफेने शिसे पांढरे पडते, तेव्हा तेथे ते ठेवू नये. पीव्हीसीचे पाकीट तर कोणत्याच नाण्यास योग्य नाही.

नाणे मोडके, तडकलेले किंवा एकमेकांस चिकटलेल्या साठ्यातील असेल, तर स्वच्छतेच्या फंदात न पडणे हेच उत्तम.

कायदा काय सांगतो?

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. ठेव्याचे स्वरूप, स्थळ व तारीख कळवावी लागते. लपवल्यास शिक्षा होऊ शकते व सापडणाऱ्याचा हक्कही जातो. भीतीपोटी किंवा लोभाने नाणी सोनाराच्या मुशीत जातात, तेव्हा नुकसान साऱ्या समाजाचे होते.

ज्यांनी लेण्यांना दाने दिली, त्या विणकरांच्या, माळ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या हातांतून ही नाणी फिरली आहेत. त्यांच्याविषयी ग्रंथांत फार थोडे लिहिले गेले. म्हणून आमची विद्यार्थ्यांना विनंती आहे की, आपल्या गावात नाणे निघाल्यास चिंचेचा गोळा बाजूला ठेवावा, वही-पेन्सिल हाती घ्यावी आणि वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे.